दायीचा हात

बीपीचा पट्टा तिच्या दंडाला बांधला,
फुगवला, आणि थांबले.
दोन मिनिटं, फार तर तीन.
उपकेंद्राच्या खिडकीतून तलावाची पाळ दिसते,
पाळीवर कुणीतरी जाळं वाळत टाकलेलं.

मग दुर्पता मारबतेचा हात
तिला न विचारता हलू लागला.
मनगट झुकलं,
बोटं ताठ, एकमेकींना चिकटलेली,
अंगठा मुडपून तळव्याशी.
"पाय बाई, मी नाई करत. थोच करते."

गळ्यावर आडवी खूण, अजून गुलाबी.
दिवाळीच्या आठ दिवस आधी
नागपूरच्या मेडिकलमध्ये गलगंड काढला.
चांगला काढला. सुटीच्या कागदावर सगळं ठीक आहे.
फक्त गाठीच्या पाठीला चिकटून बसलेले चार दाणे,
पिवळट, हिरानक्कीच्या तांदळाएवढे,
बहुधा तेही गाठीसोबत गेले.
पटकन दिसत नाहीत ते.
मलाही प्रशिक्षणात एका दुपारी,
जेवणानंतरच्या तासाला शिकवले होते.

तुमच्या तलावाचं तुडूम कोण उघडतं?
"पाटकरी. सोमा."
पाणी उतरलं हे त्याला कोण सांगतं?
"कोन सांगते? थो सोताच पाहून येते."
तसंच, म्हटलं.
रक्तातला चुना उतरला
की हे चौघं पाहून येत,
हाडांच्या ढोलीतून पायलीभर काढून आणत,
किडनीला बजावत : चुना अडव, फॉस्फेट जाऊ दे.
अंगावर पडलेल्या उन्हाचं तिच्याकडूनच औषध करून घेत,
म्हणजे आतडं खाल्लेल्यातला चुना
वाया जाऊ देत नसे.

"फॉस्फेट? खताच्या पोत्यावरचा?"
तोच.
"थो मह्या आंगात काय करते?"
चुन्याच्या जोडीनं हाड बांधतो.
पण रक्तात दोघांचं पटत नाही,
आता तो चढलाय आणि चुना खाली गेलाय.
तिनं मान हलवली.
तिच्या घरात दोन जावा आहेत.

"पन चुना त मी रोज खातो, बाई. तंबाखूसंग.
आन् बारीक मासोरी, काट्यासकट."
कसं सांगू. ढोली भरलेलीच आहे, मावशी,
काढून देणारं कुणी उरलं नाही.

डॉक्टर फोनवर होते : कॅल्शियम शिरेतून,
हळू, दहा मिनिटं तरी, छातीवर लक्ष ठेव.
आणि ठेवता ठेवता म्हणाले,
पुस्तकात या हाताला नाव आहे,
दायीचा हात.

मी तिला सांगायला नको होतं.
सांगितलं.

सुई आत होती, मी ठोके मोजत होते,
ती त्या हाताकडे बघत राहिली,
दुसऱ्याच्या घरातलं भांडं बघावं तशी.
"बरोबर हाय," म्हणाली.
"असाच जाते आत. आंगठा मुडपून.
पोर आडवं असन त असाच."
मग, "आकरा वर्सं झाली.
तुमची गाडी आली, तवापासून
कोनी बोलवत नाई."
कोहळीटोल्यात किती बाळंतपणं केली असतील?
तिनं आकडा सांगितला नाही.
"पन तवा, बाई, मी म्हनलं
का थो उघडत जाय."

सिरिंज अर्धी झाली.
पहिल्यांदा अंगठा सुटला.
मग मधलं बोट, तर्जनी,
करंगळी बराच वेळ तशीच.
बाहेर कुणी जाळं गोळा करत होतं,
शिशाच्या गोळ्या एकमेकींवर वाजत होत्या.

गोळ्या किती दिवस, तिनं विचारलं.
कायमच्या, म्हटलं, सकाळ-दुपार-संध्याकाळ,
ती पिवळी विसरायची नाही.
तिनं त्या पदराच्या गाठीत बांधल्या,
उजव्या हातानं, मुद्दाम.

रजिस्टरमध्ये लिहिलं : हाताला मुंग्या, बोटं आखडणे.
पट्टा पुन्हा फुगवून
तीन मिनिटं बघायला हवं होतं.
ते मी केलं नाही.